टेका

दुकान पूर्वी बेकरीचं होतं. भट्टी निघाली,
तिच्या जागी वीस यार्डांची गल्ली आली,
टोकाला चिंध्यांनी ठासलेलं पोतं.
दमट दिवशी भिंतींना अजून पावाचा वास सुटतो.
गिऱ्हाइकं म्हणतात, लेंपी,
तुझ्याकडे नेम धरला की भूक लागते.

ऑक्टोबर सरताना रेइनो कार्वोनेन आला,
सुपीरियरवरचं वारं दारातून आत घेऊन.
मागे त्याचा मुलगा, ट्रॉय. धनुष्य मुलाच्या हातात.
"हे कडं काढ," मुलगा म्हणाला, "पडता टेका बसव.
कडं वेग खातं."

खातं. खोटं नाही.
कडं म्हणजे ताठ केसांचा गोल ब्रश,
मधोमध बाणापुरतं भोक.
बाण सुटतो तेव्हा पिसं त्या केसांना घासत जातात,
घाईतला माणूस दाराच्या पडद्याला
अंग घासत बाहेर पडावा तशी.
पडता टेका निराळा. दोरी सुटली की मान टाकतो,
आणि बाण कशालाही न शिवता निघून जातो.

मी वेगमापक मांडला.
कड्यातून: सेकंदाला दोनशे चाळीस फूट.
पुन्हा: दोनशे चाळीस.
टेका बदलला, त्याची दोरी केबलला बांधली,
पडण्याची वेळ जुळवली, तिसऱ्या खेपेला जुळली.
दोनशे त्रेचाळीस.
"बघा," ट्रॉय म्हणाला,
जणू ते तीन फूट त्यानं खिशातून काढून दिले होते.

पावतीच्या पाठीवर मी गणित केलं.
रेइनोच्या मचाणापासून सफरचंदाच्या जुन्या झाडापर्यंत
अठरा यार्ड.
सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले तीन वाचतात.
तेवढ्यात पापणी मिटायचं मनातही आणत नाही.
शिवाय दोरीचा आवाज हरणापर्यंत बाणाच्या आधीच पोचतो,
चाळीस असो की त्रेचाळीस;
पळण्यासाठी ते आधी खाली दबतं
आणि बाण पाठीवरून कोरडा जातो.
हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

रेइनोनं धनुष्य उचललं. ओढायला लागला.
हाताला कंप आहे हे मला ठाऊक होतं,
माझ्याकडे कॉफी घेताना तो कप दोन्ही हातांत धरतो.
अर्ध्या ओढीत बाण टेक्यावरून घसरला
आणि धातूवर वाजला.
टक्.
बशीत चमचा पडावा एवढाच.
जंगलात एवढा पुरतो.

त्यानं दोरी हळू परत नेली.
बाण सरळ केला. पुन्हा ओढलं.
टक्.

ट्रॉय त्या हाताकडे बघत होता.
"त्याला मऊ पट्टी लावली तर?" पुटपुटला,
"म्हणजे आवाज तरी..."
वाक्य तिथंच सोडून खिडकीकडे गेला.

"कडंच बसव," रेइनो म्हणाला. "त्यात बाण घरात असतो."

मी बसवलं. आणि धंद्याला न शोभणारं खरं बोलले:
गारठ्यात ओले केस गोठतात, काट्यासारखे होतात,
मग तीन काय, जास्तच फूट जातील.
"फुंकर मारेन," तो म्हणाला.
"पहाटे चारपासून झाडावर मला दुसरं काम काय असतं?"

नोव्हेंबरात परत आला. पिसं बदलायची होती.
हरणाचं मी विचारलं नाही, त्यानं काढलं नाही.
कड्याचे खालचे केस एका बाजूला कलले होते.
नवं देऊ का, म्हटलं. नको म्हणाला, अजून आठ दिवस आहेत,
हे आता माझ्या बाजूनं वाकलंय.
नाक जवळ नेलं तर त्याला कॉफीचा वास.

बाहेर ट्रॉय गाडीत बसला होता,
इंजिन चालू, हीटर चालू,
बापाच्या बाजूचं दार
आतून जरा लोटून धरलेलं.